फुटवे खुडणारे हात

पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा मंगल हसत होती.

"मॅडम, पोरगा का पोरगी?" तिनं विचारलं. कामावरच्या बाकीच्या बायाही हसल्या. टेस्ट स्ट्रिप दिसते गरोदरपणाच्या चाचणीच्या पट्टीसारखीच, त्यामुळे हा विनोद मला बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतो. पानाचा तुकडा पिशवीतल्या द्रावणात चुरडायचा, त्यात पट्टी उभी करायची आणि थांबायचं. एक रेघ आली तर ठीक. दोन आल्या तर व्हायरस.

"मोझॅक व्हायरस आहे," मी म्हणाले.

संतोषदादांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. पॉलिहाऊस त्यांचं. केंदूरच्या शिवारात, अर्ध्या एकराचं, आत लाल आणि पिवळी ढोबळी मिरची. झाडं कमरेच्या वर गेली होती आणि पहिली तोडणी तोंडावर आली होती. गेल्या आठवड्यापासून काही झाडांची पानं आकसायला लागली होती. हिरव्यावर फिकट हिरवे ठिपके, जणू कुणी रंग नीट कालवलाच नाही. म्हणून मला बोलावलं होतं. मी एका कन्सल्टन्सीत ॲग्रोनॉमिस्ट आहे. पीक कसं वाढवायचं हे शेतकऱ्याला प्लॉटवर जाऊन सांगायचं, हे माझं काम. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्याकडे आहेत.

"औषध काय मारायचं?" संतोषदादांनी विचारलं.

"यावर औषध नाही. लागलेली झाडं काढायची आणि बाकीची वाचवायची."

"पण आला कुठनं?"

मी शक्यता सांगितल्या. बियाण्यातून येऊ शकतो, पण यांची रोपं नर्सरीत तपासली होती आणि स्वच्छ निघाली होती. हातातून, कात्रीतून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. आणि तंबाखूतून येऊ शकतो. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातली झाडं आहेत. वाळलेल्या तंबाखूतही हा व्हायरस बराच काळ टिकून राहतो. तंबाखूचा हात झाडाच्या ताज्या जखमेला लागला, तर...

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत संतोषदादांनी बायांकडे पाहिलं.

"मिश्री," ते म्हणाले. मिश्री म्हणजे बाया दातांना लावतात ती तंबाखूची पूड.

"दादा, तसं नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान आहे. पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकवर वारा आपटत असला की तो आणखी लहान होतो.

"सुनंदा, मिश्री लावतीस का न्हाई?"

सुनंदाताई या बायांमधल्या सगळ्यात जुन्या. पॉलिहाऊस उभं राहिल्यापासून त्या इथे होत्या. कुठली रांग कुणी करायची, हे त्याच ठरवायच्या.

"लावते की. तुमच्या लग्नाच्या आधीपासनं लावते. आज काय नवीन हाय त्यात?"

"नवीन हे हाय." त्यांनी पट्टी पुढे धरली. "उद्यापासनं येऊ नका. कुणीच."

दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे संतोषदादांचे वडील. बरीच वर्षं गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. ते पद सोडलं तरी गावात त्यांना अजून चेअरमनच म्हणतात.

"संतोष, बाया जुन्या हायत आपल्या," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही मधी पडू नका. अर्धा एकर जाईल. रोग घेऊन येणाऱ्या बाया मला न्हाई पायजेत."

सुनंदाताईंनी खुडलेल्या फुटव्यांची पाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं आणि खांबाला अडकवलेली डब्याची पिशवी काढून घेतली. मंगल जाता जाता म्हणाली, "हात धू म्हणला असता तरी धुतलं असतं की."

त्या पाठमोऱ्या बांधावरून निघून गेल्या.

पुढचं समजण्यासाठी त्या बाया काय काम करत होत्या, ते सांगायला हवं. उघड्यावरची ढोबळी झुडपासारखी पसरते. पॉलिहाऊसमध्ये तसं चालत नाही. इथे जागा महाग आणि उंची फुकट, म्हणून झाड वर न्यायचं असतं. रोप गुडघ्याच्या खाली असतानाच त्याच्या खोडाला फाटा फुटतो. त्या बेचक्यात पहिलं फूल येतं, ते काढून टाकायचं. नाही काढलं तर झाड सगळी ताकद त्या एका फळात घालतं आणि वाढायचं थांबतं. मग जोरदार अशा दोन फांद्या ठेवायच्या. प्रत्येक फांदीला वरच्या तारेवरून सोडलेली दोरी, आणि फांदी वाढेल तशी ती दोरीला पीळ देत वर चढवायची. याला आम्ही ट्रेनिंग म्हणतो. पुढे पानाच्या बगलेतून जे नवे फुटवे येतात ते दर आठवड्याला खुडायचे. ते प्रुनिंग. फांद्या कमी ठेवल्या की फळं मोजकी लागतात, पण भरतात. उजेड आणि हवा खालपर्यंत पोचते. मार्केटला लाल-पिवळी ढोबळी मोठी आणि एकसारखी लागते, आणि ती अशीच मिळते.

ऐकायला सोपं आहे. पण कुठला फुटवा ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे झाडासमोर उभं राहून एका नजरेत ठरवावं लागतं. एक आठवडा चुकला तर झाडाचं रान होतं. हे काम हाताला बसायला एक पूर्ण सीझन जातो. ज्या बाईला ते येतं, तिला बाराही महिने सावलीतलं काम मिळतं. जिला येत नाही, ती उन्हात कांदा काढते नाहीतर उसात खुरपते. सुनंदाताईंच्या हातून गेलं ते हे काम होतं.

आणि प्रत्येक फुटवा खुडताना झाडाला एक छोटीशी ओली जखम होते. व्हायरसला आत शिरायला तेवढं पुरतं.

त्या दुपारी मी एकटीच रांगांमधून फिरले. जे झाड आजारी दिसलं त्याच्या दोरीला लाल रिबन बांधली. बाहेर येऊन ऑफिसला फोन केला.

"सर, मोझॅक कन्फर्म आहे. पण सोर्स नक्की नाही. क्लायंटनं लेबरला काढून टाकलंय."

"ते त्यांचं ते बघतील," सर म्हणाले. "सोर्स शोधायला आपण काय युनिव्हर्सिटी आहोत? प्रोटोकॉल पाठव, झाडं काढायला सांग, विषय क्लोज कर."

"पण बायांची चूक नसली तर?"

"असली तर? हे बघ, त्या घरात कुणाला दुखवू नकोस. आप्पांच्या शब्दावर त्या बाजूची बरीच पॉलिहाऊसेस आपल्याकडे आलीत. ओके?"

मी ओके म्हणाले. मी फार बोलणाऱ्यातली नाही. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, शहरात वाढले. नोकरीला लागले तेव्हा फुटवा, बेचकं, पीळ हे शब्दही मला इथे येऊन शिकावे लागले. चुकीचा शब्द तोंडातून जाईल या भीतीनं मी ऐकतच जास्त असते. फील्डवर त्याचा एक फायदा होतो. थोड्या वेळानं लोक मी तिथे आहे हेच विसरतात.

तीन-चार दिवसांनी मी वरवंडला होते. तिथे आमच्याकडचं एक काकडीचं पॉलिहाऊस आहे. त्याच्या मालकांना सगळे बापू म्हणतात. काकडीचे वेल बघून झाल्यावर बापूंनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, एक इचारायचं व्हतं. सुनंदा म्हणून एक बाई काम मागतीय. म्हंजी तिच्या भावानं शब्द टाकलाय माझ्याकडं. भाऊ इथलाच, बाई दिली केंदूरला. म्हणतोय, चार महिने इकडं माहेरी येऊन राहील. कामाला लई चांगली हाय म्हणत्यात. पण ती त्या व्हायरसवाल्या बायांतली हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय की."

त्यांनी मोबाईल दाखवला. पॉलिहाऊसवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. 'मिश्री लावणाऱ्या बाया आत घेऊ नका, केंदूरचा प्लॉट गेला.' खाली कुणीतरी सुनंदाताईंचं नाव लिहिलं होतं. त्याखाली कुणीतरी जोडलेले हात टाकले होते.

"बापू, तिचा दोष आहे असं अजून कळलेलं नाही."

"अजून न्हाई, म्हंजी पुढं कळंल?"

"आणि हा व्हायरस काकडीला असा लागत नाही."

"लागत न्हाई हे खरं. पण लागला तर?"

बापू वाईट माणूस नव्हते. "मग थांबतो मी," ते म्हणाले. "राग मानू नका. पीक हाय माझं."

परत येताना चौफुल्याला चहा घ्यायला थांबले. चहा तसाच राहिला. एका पट्टीवरून, एका दुपारी, एका बाईचं नाव दोन तालुक्यांत गेलं होतं. पट्टी माझी होती. ती बरोबर होती, पण तिनं फक्त रोग आहे एवढंच सांगितलं होतं. कुणी आणला, हे तिनं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता केंदूरला गेले.

पॉलिहाऊसमध्ये कुणी नव्हतं. फुटवे वाढले होते. रांगांमधली वाट अर्धी झाकली गेली होती. मी दारात उभी राहिले आणि पहिल्यांदाच सगळ्या लाल रिबनी एकदम पाहिल्या.

त्या जवळपास सगळ्या दाराच्या बाजूला होत्या. प्रत्येक रांगेची सुरुवातीची काही झाडं लाल, आणि आत जावं तसं तुरळक. शेवटच्या टोकाला अगदीच विरळ.

मी तिथेच उभी राहून विचार करत राहिले. बाया नेहमी मागच्या टोकापासून सुरुवात करायच्या. फुटव्यांच्या पाट्या शेवटी दारातून बाहेर टाकाव्या लागतात, म्हणून मागून पुढे यायचं, ही सुनंदाताईंची शिस्त. सकाळी मिश्री लावलेले हात पहिल्यांदा लागणार ते मागच्या झाडांना. रोग बायांनी आणला असता तर मागचं टोक आधी लाल झालं असतं. मग फक्त दाराजवळच्या झाडांना हात लावणारं कोण होतं?

"कोण हाय? मॅडम व्हय?"

आप्पा आत आले. काठी पहिल्या झाडाच्या दोरीला टेकवली आणि माझ्याशी बोलता बोलताच नखानं एक फुटवा खुडला. सहज, न बघता. लगेच दुसरा.

"बाया न्हाईत, रान माजलंय," ते म्हणाले. "तशी दाराजवळची झाडं माझीच असत्यात. रोज सकाळी करतो. गुडघ्यामुळं आत लांब जाता येत न्हाई. कात्रीपरीस नख बरं, साल सुटत न्हाई."

त्यांचं काम खरंच सुंदर होतं. बेचक्यातलं पान न दुखवता फुटवा तेवढा निघायचा. चार-पाच झाडं झाली की ते मागे फिरायचे, पुढची रांग धरायचे. दोन रांगा झाल्यावर खुर्चीत बसले. बंडीच्या खिशातून पुडी काढली. डाव्या तळहातावर तंबाखू, बोटाच्या टोकावर चुना, आणि उजव्या अंगठ्यानं शांतपणे मळायला लागले. मळून झाली, चिमूट ओठात गेली, हात एकमेकांवर झटकले. मग ते उठले आणि तोच अंगठा घेऊन तिसऱ्या रांगेकडे निघाले.

मिश्रीचा एवढा बोभाटा झाला, पण मळलेल्या तंबाखूचं कुणाला सुचलंच नव्हतं. ती चेअरमनच्या हातात होती.

"आप्पा," मी म्हणाले, "आज राहू द्या. आजारी झाडं काढेपर्यंत कुणीच हात लावायचा नाही, असं आमच्या प्रोटोकॉलमध्ये आहे."

"असं व्हय? बरं, तू म्हणतीस तर ऱ्हाऊ दे." ते लगेच थांबले. एवढा साधा माणूस. त्यामुळे पुढचं बोलणं मला आणखीच अवघड झालं.

तिथून मी सुनंदाताईंच्या वस्तीवर गेले. त्या दारात बसून लसूण निवडत होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"आता काय, झडती घ्यायची ऱ्हायली का?"

"थोडी मिश्री हवी होती."

"तुम्हाला? सवय लागली का काय?"

"टेस्ट करायची आहे. पट्टीवर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, मिश्री कशी भाजता? त्या म्हणाल्या, तव्यावर, धूर निघून काळी ठिक्कर होईस्तोवर. एवढ्या आचेवर व्हायरस शिल्लक राहणं अवघड आहे, हे मी त्यांना सांगितलं.

"आन् तरी निघाला तर?"

"तर तसंच सांगेन."

"हे बरं बोललात," त्या म्हणाल्या. आत गेल्या, कागदाच्या पुडीत चिमूटभर मिश्री बांधून आणली. "कुणापुढं करणार?"

"दादांपुढे."

"मला बोलवा म्हणत न्हाई मी. पण जे निघंल ते मला येऊन सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संतोषदादांच्या घरासमोरच्या ओट्यावर त्यांच्यासमोरच मिश्रीची टेस्ट केली. माझ्याकडे दोनच पट्ट्या उरल्या होत्या, त्यातली एक वापरली. आप्पा चहा पिऊन बाहेर येऊन बसले होते. आम्ही थांबलो. एकच रेघ आली.

"म्हंजी मिश्रीत न्हाई?" संतोषदादांनी विचारलं.

"या मिश्रीत नाही."

"मग आला कुठनं?"

तोच प्रश्न, दुसऱ्यांदा. मी रिबनींचं सांगितलं. आजारी झाडं दाराजवळ आहेत, बाया मागून पुढे येतात, एवढंच. पुढचं वाक्य माझ्याकडून होईना. मी खाली बघत होते. खाली बघताना नजर कुठे गेली, ते आप्पांनी पाहिलं. इतकी वर्षं सोसायटीच्या मीटिंगा चालवलेल्या माणसाला चेहरे वाचायला शिकवावं लागत नाही.

"पोरी," ते म्हणाले, "तू माझ्या हाताकडं बघतीयास."

"हो, आप्पा."

"बोल की मग."

"तुम्ही मळता ती तंबाखू भाजलेली नसते."

संतोषदादा ताडकन उठले. "मॅडम, काय बोलताय? आप्पांनी तर हे पॉलिहाऊस..."

"तू गप बस," आप्पा म्हणाले. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "एक पट्टी हाय न्हवं तुझ्याकडं? कर."

"आप्पा, गरज न्हाई त्याची," संतोषदादा म्हणाले.

"बायांची केली तवा गरज व्हती, आन् माझी न्हाई व्हय?"

मी विचारलं, आज पॉलिहाऊसमध्ये जाऊन आलात का? कारण आजारी झाडाला लागलेल्या हातावर व्हायरस मिळणारच, त्यातून काही कळणार नाही. ते म्हणाले, न्हाई. आंघोळ झाली, चहा झाला, तंबाखू झाली. मी कापूस ओला केला आणि त्यांचा अंगठा पुसला. नखाच्या कडेनं, नखाच्या आतून. हात मोठा आणि खरखरीत होता आणि अजिबात हलत नव्हता. कापूस द्रावणात पिळला आणि पट्टी सोडली.

गोठ्यात म्हैस खुंट्याभोवती फिरत होती. पहिली रेघ आली. ती येतेच, ती पट्टी चालू असल्याची खूण. मग बराच वेळ काही नाही. संतोषदादांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि मग दुसरी आली. फिकट होती, पण होती.

मी प्रामाणिकपणे सांगितलं की एवढ्यानं सगळं सिद्ध होत नाही. पण रिबनींचा नकाशा आणि ही रेघ एकाच दिशेला बोट दाखवत होते.

आप्पांनी पट्टी घेतली नाही. नुसती वाकून पाहिली.

"संतोष, बायांना निरोप धाड," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

संतोषदादा मला गाडीपर्यंत सोडायला आले. "मॅडम, झालं ते झालं. बायांना बोलवतो, मजुरी पण देतो राहिलेल्या दिवसांची. पण आप्पांचं नाव कुठं येऊ नका देऊ. रोपातूनच आला म्हणू. न्हाईतर हवामानाचं म्हणू. गावात माणूस हाय ते."

मी म्हणाले, रोपं स्वच्छ होती, तसं मला लिहिता येणार नाही. बाकी काय सांगायचं ते तुमचं घर ठरवेल. एवढं बोलायला मला बरीच ताकद लागली.

तिथून सुनंदाताईंकडे गेले. दिलेला शब्द होता. सगळं ऐकून त्या बराच वेळ लसणाची सालं गोळा करत राहिल्या. तेवढ्यात संतोषदादांनी पाठवलेला माणूस आला. उद्यापासून कामावर या म्हणाला.

"का बोलावलंय ते सांगितलंय का?" सुनंदाताईंनी विचारलं.

"न्हाई. या म्हणलंय फक्त."

"मग सांग त्यास्नी. मला गुपचूप काढलं न्हवतं, मी गुपचूप येणार न्हाई."

हा निरोप जसाच्या तसा आप्पांपर्यंत पोचला असावा. कारण संध्याकाळी मला त्यांचाच फोन आला. "उद्या सकाळी डेअरीवर ये," ते म्हणाले. "मी बोलीन तवा लोक इचारतील, कसं काय. ते मला सांगता यायचं न्हाई. ते तू सांग."

केंदूरची दूध डेअरी सकाळी भरलेली असते. कॅन, मोटारसायकली, फॅट मोजायच्या मशिनपुढे रांग. गावात जे काही पसरतं ते इथूनच निघतं. आप्पा पायरीवर उभे राहिले. भाषणाचा त्यांना सराव होता, पण त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही.

"आमच्या मिरचीत रोग आला, तो बायांनी आणला असं आमच्या घरानं सांगितलं. ते खोटं हाय. तो माझ्या हातानं आला. तंबाखूच्या. सुनंदाचा आन् तिच्या बायांचा काय दोष न्हाई. ज्यानं ज्यानं ते ग्रुपवर टाकलं, त्यानं हे बी टाकावं."

कुणीतरी मागून म्हणालं, "चेअरमन, तंबाखूनं मिरची आजारी पडती? मग आम्ही कसं जित्तं हाय?"

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. "तू मिरची न्हाईस म्हणून," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगा."

मी सांगितलं. व्हायरस, जखम, नख, पट्टी. आवाज नेहमीसारखाच लहान होता. पण डेअरीवर शांतता होती, त्यामुळे तो पुरला. गर्दीच्या कडेला मंगल किटली घेऊन उभी होती. माझं पुरं होण्याआधीच ती निघाली. वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यानं, भराभर.

सुनंदाताई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. मंगल आली. एक बाई आली नाही. तिनं तोवर कांद्याचं काम धरलं होतं आणि ते सोडून परत यायला ती तयार नव्हती.

दाराजवळची झाडं मुळासकट काढली, पिशव्यांत भरली आणि लांब नेऊन जाळली. कळ्या-फळांनी लगडलेली झाडं होती. आप्पांनी दिलेला पीळ अजून दोऱ्यांवर होता. मग बायांनी उरलेल्या झाडांचं रान मोडलं. प्रत्येकीनं सोबत एक छोटी बादली घेतली. तिच्यात दूध पावडर कालवलेलं पाणी. दुधातली प्रोटीन्स या व्हायरसला झाडात शिरू देत नाहीत, म्हणून दर झाडाला बोटं त्यात बुडवायची. "पोरांस्नी चहापुरतं न्हाई आन् झाडास्नी बादलीभर," मंगल म्हणाली, पण बुडवत राहिली. मागच्या बाजूची झाडं वाचली. तोडणी ठरल्यापेक्षा कमी निघाली, पण सीझनच्या शेवटापर्यंत निघत राहिली.

सरांनी मला फोन करून विचारलं की मी आप्पांना दुखावलं का. मी म्हणाले, हो. ते म्हणाले, "क्लायंट आहे ना अजून?" मी म्हणाले, आहे.

आप्पांनी तंबाखू सोडली नाही. पॉलिहाऊस सोडलं. पुढे मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा दाराजवळच्या रिकाम्या झालेल्या सऱ्यांत नवी रोपं होती आणि त्यांचे फुटवे सुनंदाताई काढत होत्या. आप्पा बांधावर आंब्याच्या कलमांपाशी असायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, हात साबणानं धुऊन आत यायला हरकत नाही. ते म्हणाले, "धुतला तरी माझा माझ्या हातावर भरोसा ऱ्हायला न्हाई."

रोग कुठून आला हे शोधताना आधी मजूर दिसतात, कारण त्यांनाच रांगेत उभं करता येतं. आता मी नव्या प्लॉटवर ट्रेनिंग-प्रुनिंग शिकवायला जाते तेव्हा हात धुण्यापासून सुरुवात करते, आणि सगळ्यात आधी मालकाला धुवायला सांगते. बहुतेक मालक हसतात. म्हणतात, मॅडम, आम्ही कुठं झाडाला हात लावतो? मी वाद घालत नाही. हात धुऊन होईपर्यंत दारात उभी राहते.